तेलाची फोडणी

सकाळी व्हीगन स्वयंपाकाचा वर्ग, दुपारी शाळा, रात्री लेखन. इंदूरमधला माझा दिवस असा जातो.

"दूध-तुपाशिवाय मराठी जेवण?" असं मुली विचारतात. पिठलं-भाकरी, थालीपीठ, भरली वांगी मुळातच तशी आहेत, मी सांगते. दह्यासाठी शेंगदाणे भिजवून, वाटून, गाळायचे. दूध उकळून कोमट झालं की हिरव्या मिरचीची देठं घालून रात्रभर झाकून ठेवायचं.

परवा हीच कृती लिहिताना माझं जेवायचंच राहिलं. अकरा वाजता ओट्यावर झाकलेलं ताट दिसलं. तुपाची फोडणी देण्याआधी आईने माझ्यापुरतं वरण बाजूला काढून त्याला तेलाची फोडणी दिली होती. तीन वर्षं माझ्याशी वाद घालणारी आई!

आता रविवारी वर्ग नाही, लेखन नाही. ओटा आम्हा दोघींचा.