तोंड नसलेली हातोडी

बोरी अरबला एका भंगारवाल्याच्या ढिगात आम्हांस एक चमत्कारिक हातोडी सापडली. हातोडीला ठोकण्यासाठी सपाट तोंड असते. हिला तोंडच नव्हते. दोन्ही टोकांना छिन्नीसारखी धार, पैकी एक दांड्याच्या रेषेत उभी, दुसरी तिला काटकोनात आडवी. वजन अर्ध्या किलोच्या आतबाहेर. दांडा आखूड, आणि तो झिजलेला होता तो टोकाशी नव्हे, तर डोक्याच्या अगदी जवळ. वजनाच्या भावाने आम्ही ती घेतली.

जुने हत्यार ओळखायचे तर ते कशाच्या उपयोगी पडणार नाही, हे आधी पाहावे. एका कारागिराने ही जात्याला टाकी लावण्याची म्हणून सांगितले. पण दगडावर चालणारे हत्यार तीक्ष्ण हवे. हिची धार मुद्दाम बोथट ठेवलेली. वेल्डिंगवाले मळी झाडायला अशीच हातोडी वापरतात, परंतु तिचे एक टोक बहुधा सुळ्यासारखे असते. मुंबईच्या गोदीत जहाजांचा गंज खरवडणाऱ्या चिपिंग कामगारांच्या हाती मात्र नेमकी हीच वस्तू असे. पण दारव्हा तालुक्यात जहाज कोठून यायचे?

उलगडा केला तो जिनिंगमध्ये आयुष्य घालविलेल्या एका वृद्धाने. “हे तं बॉयलरातली हातोडी हाये, भाऊ!”

ज्यांच्या घरी तांब्याचा बंब होता त्यांना हे चटकन कळेल. पाण्यातील चुन्याचे क्षार तापल्यावर वेगळे होऊन आतून थर धरतात. बंबात त्याचे फारसे बिघडत नाही, पण वाफेच्या बॉयलरमध्ये हाच थर घातक. लोखंडातून उष्णता झपाट्याने जाते, थरातून अतिशय मंद. म्हणजे इंधन जास्त जळते, आणि पाण्याचा गारवा न मिळालेला पत्रा तापून फुगतो. पुढे फुटण्याचीही भीती. शिवाय १९२३ च्या बॉयलर कायद्याप्रमाणे तपासनीसापुढे बॉयलर स्वच्छ करून ठेवावा लागे. त्याखेरीज पुढचा दाखला मिळत नसे. म्हणून कापसाचा हंगाम संपला की विस्तव काढायचा, पाणी सोडायचे, बॉयलर निवू द्यायचा आणि माणूस आत उतरवायचा. धार बोथट का, तेही इथे कळते. क्षार निघाला पाहिजे, पत्र्याला ओरखडा उमटता कामा नये. ओरखड्यातूनच गंज आत शिरतो. उभ्याआडव्या दोन धारा अशासाठी, की रिवेटांच्या रांगा दोन्ही दिशांनी जातात आणि आत हात वळवायला जागा नसते.

उतरण्याचे भोक लंबगोल, साधारण सोळा इंच लांब व बारा इंच रुंद. लंबगोल असल्याने झाकण तिरपे करून आत घेता येते व वाफच ते आतून दाबून धरते. युक्ती नामी खरी, पण त्या भोकातून धडधाकट माणूस सहज जात नाही. “मंग आमी पोट्टेच जात होतो,” म्हातारबुवा म्हणाले. तेव्हा ते बारा वर्षांचे होते. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने चौदा वर्षांखालील मुलांना कामावर घेण्याची बंदी केलेली होती, आणि बॉयलरच्या भट्टीत वा धुराड्याच्या वाटेत, ती पुरेशी निवेपर्यंत, कोणासही उतरवू नये असेही त्यात होते. हजेरीपटावर त्या मुलांची नावे नव्हती. नावच नाही तर कायदा लागू करायचा कोणाला? संघटनेच्या कामात आम्ही हे कोडे किती वेळा पाहिले, त्याची गणती नाही.

बंद लोखंडात तीनचार हातोड्या एकदम चालल्या म्हणजे काय होते, हे त्यांच्याशी बोलताना समजते. प्रत्येक प्रश्न आम्हांस दोनदा, तोही ओरडून विचारावा लागला. कानांत ते कापसाचे बोळे घालीत. जिनिंगमध्ये तेवढे मात्र फुकट होते. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्यात व्यवसायजन्य रोग म्हणून प्रथम अँथ्रॅक्स आणि शिसे व फॉस्फरस यांची विषबाधा, एवढेच धरले होते. गोंगाटाने येणारा बहिरेपणा त्या यादीत आला तो १९८४ च्या दुरुस्तीने. तोवर त्यांचे आत उतरणे कधीच संपले होते.

निघताना आम्ही हातोडी त्यांच्या हाती दिली. त्यांनी ती डोक्याजवळ, दांडा झिजला होता तिथेच, धरली आणि कोपर अंगाशी दाबून मनगटाने दोनदा हवेत हलवली. हात उगारायला आत जागाच नसायची.