कागदाची घडी आणि प्रथिनांचा आकार

अंडे उकडताना तुम्ही पुष्कळदा पाहिले असेल. कवचाच्या आतला पातळ, पारदर्शक द्रव दहा मिनिटांत घट्ट आणि पांढराशुभ्र होतो. बाहेरून आत काही गेलेले नसते, आतले काही बाहेर आलेले नसते. मग बदलले काय?

बदलला तो आकार! अंड्याच्या पांढऱ्या भागात पाण्याखालोखाल असतात ती प्रथिने. प्रथिनाचा प्रत्येक रेणू म्हणजे अमिनो आम्लांची एक लांब माळ. मणी वीस प्रकारचे, पण एकाच माळेत ते शेकड्यांनी असू शकतात. ही माळ सरळ पसरलेली नसते. तिची एक ठरावीक गुंडाळी झालेली असते आणि प्रथिनाचे सारे काम त्या गुंडाळीवर अवलंबून असते. उष्णतेने गुंडाळी उलगडते, उलगडलेल्या माळा एकमेकींत अडकतात आणि त्यांचे जाळे बनते. उकडलेले अंडे ते हेच.

अमेरिकेतील ख्रिश्चन अ‍ॅन्फिन्सेन यांनी रायबोन्यूक्लिएज नावाच्या एका छोट्या प्रथिनाची माळ रसायने घालून पूर्ण उलगडली आणि मग ती रसायने काढून घेतली. माळ आपली आपण पुन्हा पहिल्यासारखी गुंडाळली गेली आणि कामालाही लागली! म्हणजे गुंडाळी कशी करायची याची सूचना मण्यांच्या क्रमातच दडलेली असते. या कामासाठी त्यांना १९७२ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

आता अडचण पाहा. शंभर मण्यांची माळ घ्या आणि प्रत्येक मण्याजवळ वळण्याच्या फक्त तीन रीती आहेत असे माना. माळेचे एकूण आकार किती होतील? तीन हा आकडा शंभर वेळा घेऊन त्यांचा गुणाकार करायचा. उत्तरात अठ्ठेचाळीस अंक येतात. यांतला नेमका एक आकार माणसाने शोधायचा कसा? क्ष-किरणांनी प्रथिनाचे चित्र घेता येते, पण ते काही हाताच्या फोटोसारखे सरळ नसते. मिळतात ते नुसते ठिपके. त्यांवरून आतली रचना ओळखायची म्हणजे सावलीवरून वस्तू ओळखण्यासारखेच.

या कोड्याची पहिली उकल झाली ती कागदाच्या तुकड्यावर.

पलंगावर पडल्या पडल्या

१९४८ साली लायनस पॉलिंग हे अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ ऑक्सफर्डला पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले होते. तेथे त्यांना सर्दीने गाठले. एक-दोन दिवस पडून रहस्यकथा वाचल्या, मग कंटाळा आला. त्यांनी कागद मागवला, त्यावर अमिनो आम्लांची साखळी काढली आणि कागदाला घड्या घालायला सुरुवात केली.

पण घड्या वाटेल तेथे घातल्या नाहीत, आणि सारी गंमत तेथेच आहे. दोन अमिनो आम्लांना जोडणाऱ्या दुव्याला पेप्टाइड बंध म्हणतात. या बंधाला द्विबंधाचा थोडा गुण असतो, त्यामुळे तो पिळता येत नाही. त्याच्या आसपासचे सहा अणू एका सपाट पत्र्यावर बसवल्यासारखे एकाच पातळीत राहतात. साखळी वळू शकते ती फक्त दोन पत्र्यांमधल्या कार्बन अणूपाशी. पॉलिंग यांनी घडी घातली ती नेमकी तेथेच. दुसरी अट अशी, की साखळीतला ऑक्सिजन आणि पुढच्या वेढ्यातला हायड्रोजन समोरासमोर यावेत, म्हणजे त्यांच्यात हायड्रोजन बंध जुळेल. या दोन अटी पाळून कागद वळवत गेल्यावर हातात मळसूत्र आले. त्यालाच पुढे अल्फा-सर्पिल असे नाव पडले.

केंब्रिजमध्ये ब्रॅग, पेरुत्झ आणि केंड्र्यू हे मोठे शास्त्रज्ञ याच प्रश्नाच्या मागे होते. त्यांनी १९५० साली संभाव्य रचनांची एक यादीच प्रसिद्ध केली, पण तीत खरी रचना नव्हती! त्यांनी पेप्टाइड बंध सपाट धरला नव्हता. शिवाय एका वेढ्यात मणी पूर्णांकातच बसतील असे गृहीत धरले होते. पॉलिंग यांच्या वेढ्यात बसत होते सुमारे ३.६ मणी. निसर्गाला पूर्णांकांचे प्रेम असेलच असे थोडेच आहे? बंध सपाट असतो हे केंब्रिजमधल्याच रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांनी सांगितले असते, पण त्यांना कोणी विचारले नाही. शाळेत आपण भौतिकीची वही वेगळी आणि रसायनाची वेगळी ठेवतो. ठेवावी, पण मधली भिंत इतकी उंच असू नये.

पॉलिंग यांनीही तीन वर्षे वाट पाहिली. त्यांच्या सर्पिलाचा एक वेढा ५.४ अँगस्ट्रॉम उंचीचा होता आणि केसांच्या क्ष-किरण चित्रांत दिसत होते ५.१. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग.) अखेर १९५१ साली कोरी आणि ब्रॅन्सन यांच्यासह त्यांनी शोध प्रसिद्ध केला. पेरुत्झ यांनी तो एका शनिवारी सकाळी वाचला आणि ते अस्वस्थ झाले. हे सर्पिल खरे असेल तर १.५ अँगस्ट्रॉमचा एक ठिपका चित्रात उमटलाच पाहिजे, कारण एकेका मण्यागणिक सर्पिल तेवढेच वर चढते. तो ठिपका आजवर कोणी पाहिलाच नव्हता. त्यांनी त्याच दिवशी घोड्याचा एक केस योग्य कोनात तिरपा धरून क्ष-किरणांसमोर ठेवला. ठिपका उमटला! तो ५.१ चा घोळही पुढे सुटला. केसातली सर्पिले दोरीच्या पेडांसारखी एकमेकांभोवती पिळलेली असतात, त्यामुळे उंची थोडी कमी भरते.

मद्रासची तिपेडी वेणी

आता आपल्या देशाकडे वळू. १९५२ साली गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन हे मद्रास विद्यापीठात भौतिकीचे विभागप्रमुख झाले. वय तीसही नव्हते. त्यांनी कोलॅजेन हे प्रथिन निवडले. आपली कातडी, हाडे आणि स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर यांत ते भरपूर असते. नमुना कोठून आणायचा? मद्रासमध्येच केंद्रीय चर्म संशोधन संस्था होती, आणि चामड्याचा अभ्यास म्हणजे कोलॅजेनचाच अभ्यास.

१९५४ साली रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्ता यांनी ‘नेचर’ या साप्ताहिकात कोलॅजेनची रचना मांडली. तीन साखळ्या एकमेकींत गुंफलेल्या, अगदी तिपेडी वेणी! मधोमध जागा इतकी अरुंद, की तेथे फक्त ग्लायसीन हे सर्वांत लहान अमिनो आम्ल मावते. म्हणून प्रत्येक पेडात दर तिसरा मणी ग्लायसीनचा असतो. रासायनिक पृथक्करणातही कोलॅजेनमध्ये सुमारे एक तृतीयांश ग्लायसीनच सापडत होते.

पुढच्याच वर्षी केंब्रिजहून टीका आली. क्रिक आणि रिच म्हणाले : वेणीची कल्पना ठीक, पण दर तीन मण्यांमागे तुम्ही दोन हायड्रोजन बंध धरता. तसे केले तर काही अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. बंध एकच असला पाहिजे.

असा आक्षेप आला म्हणजे माणूस सहसा दोनपैकी एक करतो : चिडतो किंवा गप्प बसतो. रामचंद्रन यांनी तिसरेच केले. त्यांनी विचारले, ‘फार जवळ’ म्हणजे किती जवळ? हा प्रश्न बालिश वाटतो, पण त्याचे नेमके उत्तर कोणापाशीच नव्हते. ते आणि शशिशेखरन यांनी तोवर प्रसिद्ध झालेल्या लहान रेणूंच्या स्फटिकरचना चाळल्या आणि कोणते दोन अणू किती अंतरापर्यंत जवळ आलेले आढळतात याचा तक्ताच तयार केला. कोणते महागडे यंत्र त्यासाठी लागले नाही.

मग तो तक्ता घेऊन रामकृष्णन यांच्यासह पुढचे पाऊल टाकले. दोन पत्र्यांमधल्या कार्बनपाशी साखळी दोन कोनांतून फिरते. त्यांना ‘फाय’ आणि ‘साय’ अशी ग्रीक अक्षरांची नावे आहेत. एक कोन आडव्या अक्षावर, दुसरा उभ्या अक्षावर घ्या. झाला चौकोनी नकाशा. त्यातल्या एकेका ठिकाणी थांबून हिशेब करायचा : या स्थितीत कोणते अणू एकमेकांवर आदळतात का? आदळत असतील तर ती जागा वर्ज्य.

हिशेब संपला तेव्हा नकाशाचा बहुतेक भाग वर्ज्य ठरला होता. मोकळी उरली ती दोन-तीन बेटे, सगळी मिळून जेमतेम पाव हिस्सा. पॉलिंग यांचे अल्फा-सर्पिल त्यांतल्या एका बेटावर बरोबर बसत होते आणि कोलॅजेनची वेणी दुसऱ्यावर. हा नकाशा १९६३ साली प्रसिद्ध झाला. आज जगभर तो रामचंद्रन नकाशा म्हणून ओळखला जातो. हायड्रोजन बंधांच्या संख्येबाबत टीकाकारांचेच म्हणणे पुढे मान्य झाले. पण त्या टीकेतून निघालेला नकाशा कोलॅजेनपुरता राहिला नाही, तो साऱ्या प्रथिनांना लागू पडला. माझ्या मते वेणीपेक्षाही हे काम मोठे आहे.

तुमच्या हाती

इतके वाचून नकाशा डोळ्यांसमोर उभा राहिला नसेल तर त्यात नवल नाही. तो हाताने कळतो. जुन्या लग्नपत्रिका घ्या आणि त्यांतून ६ सेंटिमीटर लांब, ४.५ सेंटिमीटर रुंद अशी आठ कार्डे कापा. कार्ड आडवे धरा. खालच्या डाव्या आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात भोक पाडा : हे दोन कार्बन अणू. वरच्या डाव्या कोपऱ्यात ‘ऑ’ लिहा, खालच्या उजव्या कोपऱ्यात ‘हा’. ऑक्सिजन आणि हायड्रोजन साधारण तेथेच असतात. हा झाला सपाट पेप्टाइड पत्रा, सुमारे वीस कोटी पट मोठा केलेला.

पहिल्या कार्डाचे वरचे भोक दुसऱ्याच्या खालच्या भोकाला दोऱ्याने सैलसर बांधा. अशी आठही जोडा. प्रथम दोनच कार्डे हातात घेऊन फिरवा. काही स्थितींत ती सहज राहतात, काहींत कोपरा कोपऱ्यावर आपटतो. आता प्रत्येक सांध्याला एक टपोरा मणी बांधा. मोकळीक आणखी कमी झाली ना? मणी नसलेला सांधा म्हणजे ग्लायसीन. तो इतरांपेक्षा कितीतरी मोकळेपणाने वळतो.

मग पाच-सहा सेंटिमीटर व्यासाची बाटली उभी ठेवा. लिहिलेली बाजू बाहेर ठेवून माळ तिच्याभोवती डावीकडून उजवीकडे वर चढवत गुंडाळा. चौथे कार्ड पहिल्याच्या वर येऊ लागेल. कार्डे किंचित तिरपी करत, पहिल्याचा ‘ऑ’ चौथ्याच्या ‘हा’ खाली, दुसऱ्याचा पाचव्याच्या खाली असे जुळवा. एका वेढ्याची उंची ११ सेंटिमीटरच्या आसपास भरली, तर अल्फा-सर्पिल तुमच्या टेबलावर उभे आहे. दोरा सैल असल्याने थोडी ओढाताण होईल, तेवढी चालायचीच.

अशी हातची शिकवणी फक्त शाळकरी मुलांसाठी असते असे समजू नका. केंड्र्यू यांनी मायोग्लोबिनची रचना शोधली तेव्हा पहिला ओबडधोबड नमुना चिकणमातीसारख्या प्लॅस्टिसिनचा होता, आणि नंतरचा उभ्या सळ्यांच्या जंगलात बांधलेला. अमेरिकेतील जेन रिचर्डसन या मुळात तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थिनी. त्यांनी १९८१ साली प्रथिनांची फितीसारखी चित्रे हाताने काढली : सर्पिलासाठी गुंडाळलेली फीत, सरळ पट्ट्यासाठी बाण. जीवरसायनशास्त्राच्या पुस्तकांत ज्या रंगीत फिती दिसतात त्यांचे मूळ ते. मिलवॉकी शहरातील अभियांत्रिकी महाविद्यालयात तर फोम चढवलेली लांब तार आणि रंगीत टाचण्या देऊन प्रथिने शिकवतात. पिवळी टाचणी म्हणजे पाण्यापासून दूर पळणारा मणी, तो आत गेला पाहिजे. निळी धनभाराची आणि लाल ऋणभाराची, त्या जोडीने याव्यात. मुले तार वाकवतात. एक नियम पाळला की दुसरा मोडतो, पुन्हा वाकवतात. शेवटी प्रत्येकाचा आकार वेगळाच निघतो. टाचण्या कशाही लावल्या तर तार एकाच आकारात स्थिर होईल असे नाही, हे तेव्हा ध्यानात येते. त्याच महाविद्यालयाच्या एका उपक्रमात माध्यमिक शाळेतले विद्यार्थी संशोधकाला भेटून, तो ज्या प्रथिनावर काम करत आहे त्याचाच नमुना घडवतात.

शिक्षकांनी हवे तर तार आणि टाचण्यांचा खेळ वर्गात करून पाहावा. जाड विजेची तार आणि रंगीत चिकटपट्टी पुरते.

वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली हाच खेळ संगणकावर आणला. त्याचे नाव ‘फोल्डइट’. माकडांना एड्ससारखा आजार करणाऱ्या एका विषाणूच्या विकराची रचना दहा वर्षांहून अधिक काळ अडली होती. २०११ साली या खेळाडूंनी तीन आठवड्यांत कामाचा नमुना दिला. त्यांतल्या अनेकांना जीवरसायनाचे शिक्षण नव्हते! आता तर अल्फाफोल्ड ही संगणक-प्रणाली मण्यांच्या क्रमावरून आकार वर्तवते. २०२२ सालापर्यंत तिने वीस कोटींहून अधिक प्रथिनांचे आकार वर्तवले. २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक तिच्यासाठी हॅसाबिस आणि जंपर यांना मिळाले. दुसरा अर्धा वाटा डेव्हिड बेकर यांना, निसर्गात नसलेली प्रथिने रचल्याबद्दल.

तरी संगणकाने वर्तवलेला असो की क्ष-किरणांनी शोधलेला, कोणताही नवा आकार विश्वासार्ह आहे का हे पाहायचे तर त्याच्या प्रत्येक सांध्याचे दोन कोन घेऊन ते मद्रासच्या नकाशावर ठिपक्यांनी मांडतात. प्रथिन-रचनांच्या जागतिक संग्रहात नोंद करतानाही हीच तपासणी होते, आणि वर्ज्य भागात पडलेल्या ठिपक्यांची यादी संशोधकाच्या हाती दिली जाते.