डेटन : मध्यम शहराची मोठी माणसे

अमेरिकेच्या ओहायो राज्यातील डेटन हे शहर पर्यटकांच्या यादीत क्वचितच असते. २०२० च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्या जेमतेम एक लाख ३७ हजार आहे. मात्र विमान, दुकानातील कॅश रजिस्टर आणि मोटारीचा सेल्फ-स्टार्टर या तिन्ही गोष्टींचा उगम या एका गावाशी जोडलेला आहे. एवढ्याशा शहरातून इतकी माणसे कशी पुढे आली, हा प्रश्न म्हणूनच पडतो. त्याचे उत्तर प्रतिभेपेक्षा कारखान्यांत अधिक सापडते.

जेम्स रिटी हा डेटनमधील एक मद्यालयाचा मालक. गल्ल्यातील पैसे नोकर लांबवतात, ही त्याची कायमची डोकेदुखी. जहाजाच्या पंख्याचे फेरे मोजणारे यंत्र त्याने एका सागरी प्रवासात पाहिले आणि त्यावरून विक्रीची नोंद करणारे यंत्र बनवले. १८७९ मध्ये त्याला पेटंट मिळाले, परंतु धंदा जमला नाही. तो जमवला जॉन पॅटरसन यांनी. १८८४ मध्ये त्यांनी हा व्यवसाय विकत घेतला आणि नॅशनल कॅश रजिस्टर, म्हणजेच एनसीआर, ही कंपनी नावारूपाला आणली. पॅटरसन हे कारखान्यात भरपूर उजेड आणि हवा खेळावी याचा आग्रह धरणारे, पण तितकेच लहरी आणि हुकूमशहा मालक होते. त्यांनी नोकरीवरून काढलेल्या माणसांपैकी थॉमस वॉटसन यांनी पुढे आयबीएम उभी केली. अशा कंपन्यांमुळे शहरात कुशल यंत्रकार, साचे आणि सुटे भाग सहज मिळत. सायकल दुरुस्त करणाऱ्या दोघा भावांना विमानाचे स्वप्न पाहण्याचे धाडस झाले, त्यामागे ही पार्श्वभूमी होती.

विल्बर राइट यांचा जन्म १८६७ मध्ये इंडियानात झाला, तर ऑर्व्हिल यांचा १८७१ मध्ये डेटनमध्ये. दोघांनीही महाविद्यालयाचे तोंड पाहिले नाही. धाकटी बहीण कॅथरिन ही मात्र पदवीधर होती आणि डेटनच्या शाळेत लॅटिन शिकवत असे. दोघा भावांची खरी करामत उड्डाणापेक्षा त्याआधीच्या मोजमापांत होती. हवेचा पंखांवर किती दाब पडतो, याचे प्रचलित कोष्टक त्यांना चुकीचे वाटू लागले. १९०१ मध्ये त्यांनी एक लाकडी पेटी करून तिच्यातून हवा सोडली आणि सुमारे दोनशे छोट्या पंखांची तुलना केली. इंजिन तयार मिळेना, तेव्हा त्यांच्या दुकानातील यंत्रकार चार्ली टेलर याने ते सहा आठवड्यांत घडवून दिले. १७ डिसेंबर १९०३ रोजी किटी हॉक येथे पहिले उड्डाण १२ सेकंद आणि १२० फुटांचे झाले. त्याच दिवशीचे चौथे उड्डाण ५९ सेकंद टिकले.

पुढची दोन वर्षे हे भाऊ डेटनजवळच्या हफमन प्रेअरी या माळावर सराव करत होते. ५ ऑक्टोबर १९०५ रोजी विल्बर सुमारे ३९ मिनिटे सलग उडाला. मात्र गावातील वृत्तपत्रांनी या घडामोडीकडे जवळपास काणाडोळाच केला. विमानाने पूर्ण वर्तुळ फिरल्याचे पहिले प्रत्यक्षदर्शी वर्णन छापले गेले ते जानेवारी १९०५ मध्ये, मधमाशीपालनाच्या एका मासिकात. त्याचे संपादक आमोस रूट स्वतः माळावर हजर राहिले होते. पत्रकारितेच्या इतिहासात अशी हुकलेली बातमी विरळाच.

राइट यांच्याच काळात, त्यांच्याच गल्ल्यांत वाढलेला एक तरुण या कथेत सहसा येत नाही. पॉल लॉरेन्स डनबर हा ऑर्व्हिलचा शाळासोबती. त्याचे आई-वडील केंटकीत गुलाम होते. वडिलांनी पळून जाऊन यादवी युद्धात संघराज्याच्या बाजूने शस्त्र धरले, तर आई कपडे धुऊन घर चालवी. वर्गात पॉल एकटाच कृष्णवर्णीय होता, तरीही शालेय नियतकालिकाचे संपादकपद त्याच्याकडे आले. ‘डेटन टॅटलर’ हे कृष्णवर्णीयांसाठीचे त्याचे साप्ताहिक १८९० मध्ये राइट बंधूंच्या छापखान्यात छापले गेले. पैशाअभावी ते लगेच बंद पडले.

शाळा संपल्यावर डनबरच्या वाट्याला आली ती एका इमारतीत लिफ्ट चालवण्याची नोकरी, पगार आठवड्याला चार डॉलर. गुणवत्ता होती, पण रंगामुळे दुसरे दार उघडले नाही. पहिला काव्यसंग्रह त्याने खर्चाची उसनवारी करून छापला आणि लिफ्टमधून ये-जा करणाऱ्यांना प्रत एक डॉलरला विकून पैसे फेडले. १८९६ मध्ये विल्यम डीन हॉवेल्स या मान्यवर समीक्षकाने त्याच्या कवितेची स्तुती केली आणि तो देशभर पोचला. त्या कौतुकातच अडचण होती. समीक्षकांना बोलीभाषेतील कविताच आवडल्या, प्रमाण इंग्रजीतील गंभीर कवितांकडे त्यांचे लक्ष कमी गेले. ही खंत डनबरला शेवटपर्यंत सलत राहिली. क्षयाने तो १९०६ मध्ये, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. माया अँजेलो यांच्या १९६९ च्या आत्मचरित्राचे शीर्षक त्याच्याच कवितेतून आले आहे.

डेटनच्या बुद्धिमत्तेचा एक काळा भागही आहे. एनसीआरमधून बाहेर पडलेल्या चार्ल्स केटरिंग यांनी हँडल मारण्याच्या त्रासातून मोटारचालकाची सुटका करणारा विद्युत स्टार्टर दिला. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. त्यांच्याच हाताखाली थॉमस मिजली यांनी १९२१ मध्ये डेटनच्या प्रयोगशाळेत पेट्रोलमध्ये शिसे मिसळण्याचा उपाय शोधला. इंजिनची खटखट थांबली, पण पुढील अनेक दशके जगाच्या हवेत शिसे मिसळत राहिले. याच मिजलींचा शीतकातील फ्रीऑनच्या शोधात मोठा वाटा होता आणि त्या वर्गातील वायूंनी ओझोनच्या थराचे नुकसान केले. एका माणसाच्या हातून एवढी हानी घडल्याची उदाहरणे थोडी.

मार्च १९१३ च्या महापुरात शहर बुडाले आणि मायामी नदीच्या खोऱ्यात साडेतीनशेहून अधिक माणसे दगावली. पॅटरसन यांनी कारखान्यात होड्या बनवून शेकडो लोकांना वाचवले. त्यानंतर अभियंता आर्थर मॉर्गन यांनी स्थानिक पैशातून पाच धरणे बांधली. एरवी ही धरणे कोरडी असतात, पाणी अडते ते केवळ पुराच्या वेळी. १९२२ मध्ये ती पूर्ण झाली. मॉर्गन जन्माने डेटनचे नव्हेत, पण त्यांची ओळख या कामाने झाली. पुढे ते टेनेसी खोरे प्राधिकरणाचे पहिले अध्यक्ष झाले. भारतीय वाचकांसाठी आणखी एक धागा म्हणजे १९४८ मध्ये डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या विद्यापीठ शिक्षण आयोगाचेही ते सदस्य होते. ग्रामीण विद्यापीठांची कल्पना त्या आयोगाच्या अहवालात आहे.

डेटनच्या नंतरच्या पिढीत १९७६ आणि १९८४ च्या ऑलिम्पिकमध्ये ४०० मीटर अडथळ्यांची सुवर्णपदके पटकावणारे एडविन मोझेस, अभिनेते मार्टिन शीन आणि संसारातील गमतीजमतींवर स्तंभ लिहिणाऱ्या एर्मा बॉम्बेक यांची नावे येतात. मात्र ज्या कारखान्यांनी शहराला घडवले ते एकेक करून गेले. १९६० मध्ये दोन लाख ६२ हजार असलेली वस्ती आज निम्म्याच्या आसपास आहे. जनरल मोटर्सचा शेजारच्या मोरेनमधील कारखाना २००८ च्या डिसेंबरात बंद झाला आणि २००९ मध्ये एनसीआरने जॉर्जियाला जाण्याची घोषणा केली. मोरेनच्या त्या रिकाम्या इमारतीत पुढे फुयाओ या चिनी काच कंपनीने उत्पादन सुरू केले. तेथील अमेरिकी आणि चिनी कामगारांच्या ताणतणावावर या भागातीलच स्टीव्हन बोग्नार आणि ज्युलिया रायकर्ट यांनी केलेला ‘अमेरिकन फॅक्टरी’ हा माहितीपट २०२० च्या ऑस्करचा मानकरी ठरला.