कणकेचा ग, काडीचा काना

पोळ्यांची कणीक मळून झाली की त्यातला लिंबाएवढा गोळा आमच्याकडे हिशेबात धरत नाहीत. तो चार वर्षांच्या भाचीचा. त्याचे साप होतात, लाडू होतात, आणि शेवटी तो राखाडी होऊन ओट्याला चिकटतो. एकदा तिने वळलेला साप खाली जरासा मुडपला होता. मी त्याच्या उजव्या बाजूला आइस्क्रीमची काडी उभी ठेवली आणि म्हटलं, "हा बघ, ग झाला."

तिने मान तिरकी करून पाहिलं. "हे गांडूळ आहे."

तेव्हापासून आमच्या घरात ग गांडुळाचा. गवत आणि गणपती दोघांचंही तिच्यापुढे काही चाललं नाही.

काडी जागची हलवायची नाही, फक्त गांडूळ हलवायचं. त्याच्या पायाशी गाठ वळून शेपूट काडीपर्यंत आडवं नेलं की म. मचं डोकं वर मुरडलं की भ. वरचा उभा भाग काढून टाकला आणि गाठ काडीच्या मध्यावर टांगली की न. चार हालचालींत ग, म, भ, न. वर्णमालेत यातले फक्त भ आणि म शेजारी बसतात, पण वळणाने चौघं सख्खी भावंडं. एखाद्या विषयाची सुरुवातसुद्धा येत नसेल तर मराठीत 'त्याला गमभनही येत नाही' म्हणतात, 'कखगघ' नाही. हाताला सोपी पडणारी वाट भाषेच्या अंगात मुरलेली आहे. आपण मात्र बाजारातला तक्ता भिंतीवर लावतो आणि अ-आ-इ-ई पासून घोकंपट्टी सुरू करतो. व, ब, क हे दुसरं घराणं. व ला पोटात रेघ दिली की ब, काडीच्या उजवीकडे शेपूट काढलं की क. ट, ठ, ढ, द हे बिनकाडीचे.

तक्त्याचा क्रम चुकीचा आहे, असं मुळीच नाही. तो हातासाठी नाही, तोंडासाठी आहे. क घशाशी, मग टाळू, मूर्धा, दात आणि प ओठांवर. आतून बाहेर येणारी ही रांग इतकी नेटकी आहे की तिचा खेळ न करणं म्हणजे कंजूषपणा. पतंगाच्या कागदाची बोटभर रुंद पट्टी मुलाच्या ओठांसमोर धरायची. प म्हटल्यावर पट्टी जेमतेम हलते, फ म्हटल्यावर उडते. ब आणि भ, क आणि ख यांचीही तीच गंमत. महाप्राण हा शब्द सांगावा लागत नाही; पट्टी सांगते. मग नाक चिमटीत धरून 'मामा' म्हणायला लावायचं. ऐकू येतं 'बाबा'. आमच्याकडे या शोधानंतर दोन दिवस कुणी सरळ नाकाने बोललं नाही. पण म चा आवाज नाकातून येतो, हे तिला आता कुठलंही पुस्तक विसरायला लावणार नाही.

राज्य शासनाने २००९ मध्ये ठरवून दिलेल्या वर्णमालेत ५२ वर्ण आहेत. ॲ आणि ऑ धरून १४ स्वर, २ स्वरादी, ३४ व्यंजनं, शिवाय क्ष आणि ज्ञ. ५२ चित्रं जमवायची म्हणजे तक्तेवाल्यांचीही पंचाईतच. ऐ ऐरणीचा, पण ऐरण पाहिलेलं मूल आता कुठे शोधायचं? ण बाणाचा आणि ळ बाळाचा, हे तर चार वर्षांच्या तर्काला अजिबात पटत नाही. "बाण ब चा आहे ना?" भाचीने विचारलं. बरोबरच आहे. ण आणि ळ मराठी शब्दाच्या तोंडाशी येत नाहीत, म्हणून ते आम्ही शेपटाशी शोधतो. केळ, बाळ, नळ, डोळा. स्वयंपाकघरात ळ किती आहेत हे एकदा मोजून बघा.

म्हणून तक्ता विकत घेण्यापेक्षा घरचा करावा. जुन्या पत्रिकांचा जाड कागद, वर्तमानपत्रातल्या जाहिराती, बोथट कात्री, खळ. एका पानावर एक अक्षर आणि त्याखाली मुलाने स्वतः शोधलेल्या वस्तू. च च्या पानावर आमच्याकडे भांडण झालं. तिने चमचा चिकटवला, पण चहाचा कप काही केल्या चिकटवेना. "तो वेगळा च आहे." मोठ्याने दोन्ही शब्द म्हणून पाहा. चमच्याला जीभ दातांमागे जाते, चहाला टाळूकडे. मराठीत च, ज, झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत आणि अक्षर एकच. आपण साक्षर झालो आणि आपल्याला तो फरक ऐकू येईनासा झाला. पानाच्या मधोमध रेघ मारून आम्ही दोन्ही च ना खोल्या वाटून दिल्या.

आता पेन्सिलीबद्दल. भाचीच्या बालवाडीतून रोज एक पान गिरवायला येई आणि रोज रात्री घरात रडारड. चौथ्या वर्षी मनगटातली हाडंही पुरती तयार झालेली नसतात. त्या मुठीत पेन्सिल कोंबून ओळीत अ बसवायला लावण्याची घाई नेमकी कुणाला असते, ते मला कळलेलं नाही. मटार सोलणं, गवारीच्या शिरा काढणं, छोट्या लाटण्याने पुरी लाटणं हा खरा पूर्वाभ्यास. आणि धूळपाटी तर आपल्याकडे होतीच. धुळाक्षरं हा शब्द तिथलाच. आज स्टीलच्या ताटात रव्याचा पातळ थर पसरला की झाली धूळपाटी. थर जाड नको, बोट फिरलं की खालचं ताट चमकलं पाहिजे. चुकलं तर ताट हलवायचं. खोडरबराची लाज नाही.

मारिया माँटेसरींनी खरखरीत कागदाची अक्षरं केली, ती याच बोटांसाठी. पाटीवर चिकटवलेल्या अक्षरावरून मुलाने दोन बोटं फिरवायची आणि त्याच वेळी त्याचा आवाज काढायचा. हार्डवेअरच्या दुकानातला बारीक दाण्याचा पॉलिश पेपर आणला की हे घरी होतं. आम्ही त्यात एकच भर घातली: अक्षर जिथून सुरू होतं तिथे एक टिकली. नाहीतर मुलं खालून वर, उजवीकडून डावीकडे, कशीही निघतात आणि ते वळण पुढे मोडता मोडत नाही.

माँटेसरींचं साहित्य महाग, हे दुखणं जुनं आहे. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर काम करून आलेल्या ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. १९५७ मध्ये त्यांचं बालशिक्षणाचं काम कोसबाडच्या टेकडीवर आलं. तिथे शिकवण्याचं साहित्य म्हणजे खडे, शिंपले, बिया, पानं. मुलं बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेऊ, या विचारातून अंगणवाडी उभी राहिली. हजारो रुपयांच्या लाकडी अक्षरसंचाची जाहिरात दिसली की मला ते खडे-शिंपले आठवतात. मोह मलाही झाला होता, खोटं कशाला बोला. चुंबकाची अक्षरं आणली, तर त्या डब्यात काना, मात्रा, वेलांटी काहीच सुटं नव्हतं. नुसत्या व्यंजनांतून 'घर', 'गवत' होतात. 'आई' किंवा 'पोळी' होत नाही.

देवनागरी अक्षरं जमिनीवर उभी नसतात, रेघेला लटकतात. म्हणून बाल्कनीत सुतळी बांधली. ती शिरोरेघ. पुठ्ठ्याची अक्षरं कपड्यांच्या चिमट्यांनी तिला टांगायची. चिमटा दाबताना बोटांचीही कसरत होते. पुठ्ठा कापताना ल पाकळीचा आणि श देठाचा ठेवा, मराठीची वळणं तीच आहेत. फोनवर बहुधा हिंदी वळणाचा ल दिसतो आणि मूल गोंधळतं.

याच सुतळीवर काना आला. म शेजारी एक मोकळी काडी टांगली, मा. आणखी एक जोडी, मामा. मग काका, बाबा, दादा. निम्मं गणगोत दोन काड्यांत. सगळी व्यंजनं संपल्यावरच बाराखडी, हा आग्रह सोडला तर पाच-सहा अक्षरांत मूल खरे शब्द वाचायला लागतं. वेलांटीला मात्र उशीर करावा. पहिल्या वेलांटीचा आवाज अक्षरानंतर, खूण आधी. 'मि' वाचताना डोळा आणि जीभ उलट्या दिशांना जातात. मिरचीपाशी आम्ही अजून अडलेलो आहोत.

परवा पोळ्या चालू असताना भाचीने ओट्यावर पुन्हा कणकेचा ग केला. पाहत राहिली, ओठ हलवत होती. मग काड्यांच्या डब्यातून आणखी एक काडी काढून तिने ती ग च्या पुढे ठेवली.

"आत्या, तू चुकीचं सांगितलंस. गांडूळ ग चं नाही, गा चं आहे."

मी मोहरीचा एक दाणा घेऊन त्या गा च्या डोक्यावर ठेवला. तिने तो काढला, निरखला, परत ठेवला, आणि ड कसा करायचा ते विचारलं.