लॅपटॉपच्या मापाची स्लीव्ह

पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर लॅपटॉपसाठी स्लीव्ह मागा, पहिला प्रश्न येतो: ‘किती इंची?’ आपण ‘चौदा’ म्हणतो आणि तो आकडा छापलेली स्लीव्ह हातात पडते. पण १४ इंच ही स्क्रीनच्या कर्णाची लांबी आहे, लॅपटॉपची नव्हे. एकाच कर्णाचे कितीतरी वेगवेगळे आयत काढता येतात. १६:९ प्रमाणाची १४ इंची स्क्रीन ३१ सेंटिमीटर रुंद आणि सुमारे १७.४ सेंटिमीटर उंच असते. १६:१० प्रमाणाची तेवढ्याच कर्णाची स्क्रीन ३०.२ सेंटिमीटर रुंद आणि १८.८ सेंटिमीटर उंच. त्यात स्क्रीनभोवतीची चौकट वर्षागणिक बारीक होत गेली. अ‍ॅपलचा २०१७ सालचा मॅकबुक एअर ३२.५ सेंटिमीटर रुंद होता, २०२० सालचा ३०.४. दोघांनाही ‘१३ इंची’च म्हणतात, पण जुन्याच्या स्लीव्हमध्ये नवा घातला तर दोन सेंटिमीटर मोकळे राहतात.

दोन सेंटिमीटरने काय बिघडते? त्यासाठी लॅपटॉप पडतो तेव्हा काय होते ते पाहावे लागेल. ७५ सेंटिमीटर उंचीच्या टेबलावरून सुटलेली वस्तू फरशीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास असतो. हा वेग किती अंतरात शून्यावर येतो, त्यावर सगळे अवलंबून आहे. पडण्याची उंची भागिले थांबण्याचे अंतर, हा साधा हिशेब इथे पुरतो. कठीण फरशीवर लॅपटॉप एका मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्याला सरासरी गुरुत्वत्वरणाच्या ७५० पट झटका बसतो. मध्ये फोम असेल आणि तो तीन मिलिमीटर चेपला गेला, तर तोच झटका २५० पटींवर येतो. स्लीव्हचे काम एवढेच आहे: थांबायला थोडे जास्त अंतर मिळवून देणे. पाच मिलिमीटरच्या फोममधून पाचही मिलिमीटर कधी मिळत नाहीत, कारण चेपत चेपत तो शेवटी दगडासारखा होतो.

सैल स्लीव्हमधली मोकळी जागा मात्र या अंतरात धरता येत नाही. तिथे लॅपटॉपला अडवणारे काहीच नसते. स्लीव्ह थांबते, आतला लॅपटॉप त्याच वेगाने पुढे सरकतो, तिरका होतो आणि बहुतेक वेळा कोपऱ्यावर आदळतो, मग उसळून दुसऱ्या बाजूला. संपूर्ण कड एकदम टेकली तर धक्का तीस सेंटिमीटरभर फोममध्ये वाटला जातो. कोपरा टेकला तर तोच धक्का नखाएवढ्या जागेवर येतो आणि तिथला फोम क्षणात तळाला लागतो. त्यातही कोपरा चेनच्या किंवा शिवणीच्या बाजूला गेला, तर बऱ्याच स्लीव्हमध्ये तिथे फोम नसतोच. देवगडच्या बागायतदाराला हे पक्के ठाऊक आहे. तो हापूसच्या पेटीत पेंढा भरतो तो आंबा हलू नये म्हणून. पेटी कितीही जाड फळीची असली तरी आत घरंगळणारा आंबा डागाळणारच.

म्हणून घट्टात घट्ट घ्यावी का? तेही चूक. ओढूनताणून बसवलेल्या स्लीव्हमधला फोम आधीच निम्मा चेपलेला असतो, म्हणजे धक्का बसण्यापूर्वीच थांबण्याचे अंतर खर्ची पडलेले असते. निओप्रीनच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. ते रबर असल्याने ताणले जाते, आणि ताणलेले रबर पातळ होते. सर्वात जास्त ताण कोपऱ्यांवर येतो, म्हणजे जिथे जाडी हवी नेमके तिथेच ती कमी होते.

निओप्रीनची गोष्ट थोडी सांगायलाच हवी. १९३० साली अमेरिकेत ड्यूपाँ कंपनीत वॉलेस कॅरदर्स यांच्या गटात अर्नोल्ड कॉलिन्स यांच्या हाती हे कृत्रिम रबर लागले. पाच वर्षांनी याच गटाने नायलॉन तयार केले. आज अनेक स्लीव्हमध्ये आत निओप्रीनचा फोम आणि वर नायलॉनचे कापड असते. एकाच प्रयोगशाळेची दोन अपत्ये आपण काखेत घेऊन फिरतो. या फोममधले हवेचे बुडबुडे एकमेकांपासून बंद असतात, म्हणून तो पाणी शोषत नाही. गादीतला साधा स्पंज उघड्या छिद्रांचा असतो, तो पाणी पितो. पण निओप्रीनची स्लीव्ह म्हणजे जलरोधक स्लीव्ह, असे समजू नये. पाणी शिवणीतून आणि चेनमधून येते.

आता माप. लॅपटॉप बंद करून टेपने रुंदी, खोली आणि सर्वात जाड भागाची जाडी घ्या. तळाचे रबरी पाय धरून. तिसरा आकडा बहुतेक जण घेत नाहीत, आणि तिथेच चुकते. स्लीव्ह म्हणजे कडांना शिवलेले दोन सपाट पदर. त्यात जाड वस्तू शिरली की पदर फुगतात आणि रुंदी आक्रसते. त्यामुळे सपाट ठेवलेल्या रिकाम्या स्लीव्हची आतली रुंदी ही लॅपटॉपची रुंदी अधिक जाडी एवढी तरी हवी. ३२ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड लॅपटॉपला ३४ लागते. वर अर्धा सेंटिमीटर सोडला तर पुष्कळ. ज्या स्लीव्हच्या बाजूला जाडीची वेगळी पट्टी शिवलेली असते, तिला ही बेरीज लागत नाही. विक्रेते अनेकदा बाहेरचे माप देतात. त्यातून दोन्ही बाजूंचा फोम वजा करायचा. शक्य असेल तर लॅपटॉप दुकानातच घेऊन जा. आत घालून, चेन लावून कानाजवळ हलक्या हाताने हलवा. आतून सरकल्याचा आवाज यायला नको, आणि चेन ओढताना तिचे दात लॅपटॉपच्या कडेला घासायला नकोत.

फोम एका धक्क्याला उतारा आहे, सततच्या दाबाला नाही. लोकलच्या गर्दीत पाठीवरच्या सॅकमध्ये डबा, चार्जरचा ठोकळा आणि लॅपटॉप एकत्र दाबले गेले, तर ठोकळ्याचा कोपरा मऊ स्लीव्हमधून थेट झाकणावर रुततो आणि आतली पातळ काच तडकू शकते. अशा प्रवासासाठी कडक पाठीची स्लीव्ह घ्यावी, आणि चार्जर दुसऱ्या कप्प्यात. स्लीव्हच्याच पुढच्या खिशात चार्जर ठेवायची सोय देणारे डिझाइन मला पटत नाही. माऊस आणि केबलपुरता तो खिसा ठीक आहे.

ज्या बंद बुडबुड्यांमुळे पाणी रोखले जाते, तेच उष्णताही रोखतात. पाणबुड्यांचे सूट निओप्रीनचे करतात ते यासाठीच. नुसते झाकण मिटून लॅपटॉप स्लीव्हमध्ये टाकला आणि तो मध्येच जागा झाला, तर आतली उष्णता बाहेर पडत नाही आणि लिथियम बॅटरीचे आयुष्य झिजते. लांबच्या प्रवासाआधी पूर्ण बंदच करावा.

पावसाळ्यात मात्र हाच गुण उपयोगी पडतो. मुंबईच्या हवेचे तापमान २९ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल, तर दवबिंदू २६ अंशांच्या आसपास येतो. एसीत २२ अंशांपर्यंत गार झालेला लॅपटॉप अशा हवेत उघडा काढला, तर त्यावर दव धरणारच, चष्म्याच्या काचांवर धरते तसे. ऑफिसातून निघण्यापूर्वी, आतल्या कोरड्या हवेतच तो स्लीव्हमध्ये घालून चेन लावावी. घरी आल्यावर लगेच बाहेर न काढता तो घरच्या तापमानाला येऊ द्यावा. स्लीव्ह ओली झाली असेल तर मात्र थांबू नये; लॅपटॉप काढून पुसावा आणि स्लीव्ह पंख्याखाली उलटी करून वाळवावी.

फोम कायमचा टिकत नाही. रोज चेपला जाऊन तो हळूहळू बसतो, आणि याची सुरुवात कोपऱ्यांपासून होते. अधूनमधून स्लीव्ह रिकामी करून चारही कोपरे अंगठ्याने दाबून पाहावेत. दाब काढल्यावर खड्डा भरून येत नसेल किंवा दोन्ही पदर बोटांच्या चिमटीत सहज एकमेकांना टेकत असतील, तर माप कितीही अचूक असले तरी ती स्लीव्ह बदलावी.