सोव्हिएत संघाचे विघटन : साधनांचे स्वरूप व चिकित्सा

प्रास्ताविक

८ डिसेंबर १९९१ रोजी रशिया, युक्रेन व बेलारूस यांच्या नेत्यांनी सोव्हिएत संघ संपुष्टात आल्याचा करार केला आणि २५ डिसेंबरला अध्यक्ष मिखाईल गोर्बाचेव्ह यांनी राजीनामा दिला. या घटनांविषयी वाद नाही. वाद आहे तो कारणांविषयी. अभ्यासक कोणते साधन हाती घेतो, यावर त्याचे उत्तर पुष्कळ अंशी अवलंबून असते. म्हणून कारणांकडे वळण्यापूर्वी साधनांचे प्रमुख प्रकार पाहू.

१) शासकीय आकडेवारी

१९२८ ते १९८५ या काळात राष्ट्रीय उत्पन्न सुमारे ९० पट वाढले, असे सरकारी आकडे सांगत. १९८७ मध्ये ‘नोवी मीर’ या मासिकातील लेखात वासिली सेल्यूनिन व ग्रिगोरी खानिन यांनी ही वाढ ६ ते ७ पटच असल्याचे मांडले. छुपी भाववाढ उत्पादनवाढ म्हणून नोंदली जात होती, हा त्यांचा मुख्य आक्षेप. तरीही सरकारी आकडे टाकाऊ ठरत नाहीत. अर्थव्यवस्थेविषयी ते अविश्वसनीय असले, तरी राज्यकर्ते कोणत्या माहितीवर विसंबून होते, हे त्यांतूनच कळते.

२) सार्वमताचे निकाल

१७ मार्च १९९१ च्या सार्वमतात तीन-चतुर्थांशांहून अधिक मते संघ टिकविण्याच्या बाजूने पडली. मात्र प्रश्न ‘समान सार्वभौम प्रजासत्ताकांच्या नूतन संघा’विषयी होता, शिवाय तीन बाल्टिक प्रजासत्ताके, जॉर्जिया, आर्मेनिया व मोल्दोव्हा येथील शासनांनी हे सार्वमत घेतलेच नाही. युक्रेनमध्ये तेव्हा सुमारे ७० टक्के मते संघाच्या बाजूने होती. १ डिसेंबरला तेथेच ९० टक्क्यांहून अधिक मते स्वातंत्र्याला मिळाली. मधल्या काळात ऑगस्टमधील फसलेला उठाव घडला होता. म्हणजेच प्रश्नाची शब्दरचना व मतदानाची वेळ पाहिल्याविना निकालाचा अर्थ लागत नाही.

३) आत्मकथने व रोजनिश्या

गोर्बाचेव्ह, बोरिस येल्त्सिन व येगोर लिगाचेव्ह या तिघांनीही आठवणी लिहिल्या. परिणाम ठाऊक झाल्यानंतर केलेल्या अशा लेखनात आत्मसमर्थनाची शक्यता असते. गोर्बाचेव्ह यांचे सल्लागार अनातोली चेर्न्यायेव्ह यांची रोजनिशी त्या त्या वेळी लिहिलेली असल्याने त्यातील अनिश्चितता अधिक मोलाची ठरते. तथापि तिच्यात दिसते ते मुख्यतः सत्तेच्या शिखरावरूनच.

४) मौखिक साधने

सामान्य माणसाचा अनुभव स्वेतलाना अलेक्सिएविच यांनी मुलाखतींतून संकलित केला. त्यांचा याविषयीचा ग्रंथ २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र अशा कथनांत पुढील दशकातील हलाखीची छाया १९९१ च्या स्मृतीवर पडते. निवड व मांडणीही संकलकाचीच असते.

समारोप

निर्दोष असे एकही साधन नाही. विघटन अटळ होते की टाळता आले असते, या प्रश्नाचे उत्तर देताना परस्परविरोधी साधने समोरासमोर ठेवावीत आणि प्रत्येकाला कोणी, केव्हा व कोणासाठी, हे तीन प्रश्न विचारावेत.

आपली प्रगती तपासा

१) आत्मकथन व रोजनिशी यांच्या विश्वसनीयतेतील फरक स्पष्ट करा.
२) युक्रेनमधील १९९१ च्या दोन निकालांची तुलना करून त्यांतील तफावतीची मीमांसा करा.