विश्लेषण : बेघरांची मोजणी एकाच रात्री का होते? त्या आकड्यावर काय अवलंबून असते?

देशात बेघर किती, याचे अधिकृत उत्तर आजही २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्रीचे आहे. त्या रात्री प्रगणकांनी फूटपाथ, फलाट आणि उड्डाणपुलांखाली जाऊन मोजणी केली. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. त्यानिमित्ताने ही मोजणी समजून घेऊ.

बेघर कोणाला म्हणतात?

जी कुटुंबे इमारतीत किंवा जनगणनेच्या व्याख्येतील घरात राहत नाहीत, ती बेघर. रस्त्याकडेला, मोठ्या पाइपमध्ये, जिन्याखाली, मंदिराच्या मंडपात किंवा रेल्वे फलाटावर राहणारे यात येतात. झोपडी कच्ची असली तरी ती घर धरली जाते, त्यामुळे झोपडपट्टीवासी या आकड्यात नसतात.

एकच रात्र का?

घर असलेल्यांची नोंद काही आठवडे चालते. बेघरांचा पत्ता ठरलेला नसतो. आज दादरला दिसलेला माणूस उद्या कुर्ल्यात दिसला तर तो दोनदा मोजला जाईल. म्हणून सगळीकडे एकाच रात्री मोजणी होते.

२०११ मध्ये काय दिसले?

देशभरात सुमारे १७.७ लाख बेघर नोंदले गेले. २००१ मध्ये ते १९.४ लाख होते. ग्रामीण भागात संख्या ११.६ लाखांवरून ८.३ लाखांवर आली, शहरांत मात्र ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेली. एकूण आकडा घटला, पण शहरातला प्रश्न वाढला. राज्यांत उत्तर प्रदेशानंतर महाराष्ट्र होता, सुमारे २.१ लाख.

कोण सुटतात?

रात्रपाळीचे हमाल, लग्नाच्या कामावर गेलेले वाढपी, सुरक्षेसाठी आडोशाला झोपणाऱ्या महिला. त्यात भीतीही असते. राज्यात लागू असलेल्या १९५९ च्या भिक्षा प्रतिबंधक कायद्यानुसार भीक मागणाऱ्यांना ताब्यात घेता येते. रात्री वही घेऊन कोणी आले की अनेक जण उठून निघून जातात.

आकड्यावर काय ठरते?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० मधील आदेशांनंतर शहरांत बारमाही निवाऱ्यांचा आग्रह सुरू झाला. केंद्राच्या योजनेचा निकष होता, दर एक लाख शहरी लोकसंख्येमागे किमान १०० जणांची सोय. २०११ च्या १.२४ कोटी लोकसंख्येनुसार मुंबईत ती सुमारे १२,४०० जणांची होते. त्याच जनगणनेत मुंबईतील बेघर मात्र ५० हजारांहून अधिक होते. म्हणजे निकष पूर्ण पाळला तरी चारपैकी जेमतेम एकाला छप्पर मिळते. ही तफावत दाखवण्यासाठी मोजणीच लागते.

गावातल्या बेघरांचे काय?

त्यांची अडचण जागेची. घरकुल मंजूर झाले तरी बांधायला स्वतःची जागा हवी. भूमिहीनांना जागा खरेदीसाठी राज्याची पंडित दीनदयाळ उपाध्याय योजना एक लाख रुपयांपर्यंत मदत देते. मोक्याच्या गावात तेवढ्यात जागा मिळणे अवघड असते.

पुढे काय?

मोजणी पुन्हा एकाच रात्री झाली, तर पूर्वतयारी महत्त्वाची. बेघर कुठे झोपतात याची यादी आधी तयार हवी, सोबत त्यांच्या ओळखीचा स्थानिक कार्यकर्ता हवा. त्या रात्री जो सुटेल, तो पुढच्या जनगणनेपर्यंत सरकारी हिशेबात नसेल.